एकदा दाबलं की हो

४ मार्च

भावोजी,

माझा मेल बघून दचकू नका, नवीन वाईट बातमी नाही. जुनी तुम्हाला कळलेलीच आहे.

तुमचे दादा दवाखान्यातून घरी आलेत. मान, हात, पाय, जीभ, काही म्हणजे काही ऐकत नाही. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलतो. डॉक्टर सांगतात, डोकं शाबूत आहे, सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, फक्त आतलं बाहेर येत नाही. ज्या माणसाची हाक पोहण्याच्या तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जायची, ज्यांना पोरं शिट्टीसर म्हणायची, ते आता छताकडे बघत पडलेले असतात. पापण्यांनी हो-नाही करून पाहिलं. पण त्यांचे डोळे कोरडे पडतात आणि पापण्या आपल्याच मर्जीने मिटतात. कुठली मुद्दाम मिटली आणि कुठली उगाच, मला काही ओळखू येत नाही.

व्यायामाच्या बाई घरी येतात. त्यांनी एक बटण दिलंय, चपटं, बशीएवढं. त्याला वायर आणि शेवटी गोल पिन, हेडफोनला असते तशी. दाबलं की एक दिवा लागतो. यांनी पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा मी हातातलं शिवण टाकून पलंगापाशीच बसून राहिले. पण नुसता दिवा लावून माणूस किती बोलणार? बाई म्हणाल्या, हेच बटण कॉम्प्युटरला जोडलं तर यांना अक्षरं निवडता येतील. तयार मशीन मिळतं, पण त्याला नंबर लावावा लागतो आणि नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही. मी बटण घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. त्याने पिन हेडफोनच्या भोकात घातली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, ‘आवाज येत नाही, खराब आहे.’

मग तुमची आठवण झाली. खोटं कशाला बोलू, आधीपासूनच झाली होती.

फोन केला नाही, कारण आमचं घर तुम्हाला माहीत आहे. पलंग, शिलाई मशीन, फोन, सगळं एकाच खोलीत. आणि यांचे कान आता पूर्वीपेक्षा तिखट झालेत. तुम्ही निवड-स्पर्धेच्या तोंडावर यांनी शिकवलेलं पोहणं सोडून कॉम्प्युटर शिकायला गेलात, तेव्हापासून या घरात तुमचं नाव लग्नाच्या आमंत्रणापुरतंच निघतं. तुम्हा भावांच्या भांडणात मला पडायचं नाही. मला ते बटण कॉम्प्युटरला जोडून हवंय.

तुमची वहिनी


६ मार्च

वहिनी,

बटण खराब नाही, दुकानदार खराब आहे.

बटणात दोन तारा असतात. दाबलं की त्या एकमेकींना टेकतात, सोडलं की सुटतात. दाराच्या घंटेला एवढं पुरतं. कॉम्प्युटरला पुरत नाही. बाहेर तारा टेकल्या हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते ऐकायला आतही कोणीतरी बसलेलं असावं लागतं. सांगण्याचं काम करणारी काडेपेटीएवढी डबी मी करून पाठवतो. एका बाजूला बटणाची पिन घालायची, दुसरी बाजू कॉम्प्युटरला. ऐकणारा प्रोग्राम मी लिहितो.

स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळतील. हवी ती ओळ उजळली की दाबायचं. मग त्या ओळीतली अक्षरं उजळत जातील, पुन्हा दाबायचं. काना-मात्रा शेवटच्या ओळीत. काम संथ आहे, पण होतं.

एक विनंती. हे मी केलंय असं दादाला सांगू नका. दवाखान्यातून आलंय म्हणा. माझ्या हातचं आहे असं कळलं तर तो अंगठासुद्धा हलवणार नाही. तुम्ही त्याला ओळखता, मीही ओळखतो.


२१ मार्च

भावोजी,

डबी आली. तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं तशी जोडली आणि पहिल्या फटक्यात चालली. यांना सांगितलं, दवाखान्याने पाठवलंय. यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, पण यांचं बघणं हल्ली तसंच असतं, म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

पहिला शब्द काय असेल याची मी किती स्वप्नं रंगवली होती. माझं नाव, निदान ‘अगं’ तरी. अंगठा दाबत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, घामाघूम होऊन यांनी लिहिलं, ‘पंखा कमी’. एवढे दिवस माणूस गारठत होता आणि मी वारा कमी पडू नये म्हणून पंखा मोठा करून ठेवत होते! मी हसले, मग रडले, मग पंखा कमी केला.

आता तक्रार. काल मी त्याच कॉम्प्युटरवर यांना पोहण्याची शर्यत लावून दिली. मध्येच यांना काही सांगायचं होतं, दाबायला लागले, तर प्रोग्राम ढिम्म. शर्यतच थांबायची आणि चालू व्हायची. तेवढ्यात स्क्रीनवर कसली तरी पाटी आली, कॉम्प्युटर बंद करून सुरू करू का, अशी. यांनी दाबलं आणि कॉम्प्युटर बंद! मला आधी वाटलं, रागाने केलं. तुम्हाला तर माहीतच आहे, पूर्वी यांनी रेडिओ कसा बंद केला होता.

हे असं का होतं? मी शर्यत लावायचीच नाही का?


२३ मार्च

वहिनी,

शर्यत खुशाल लावा. गफलत माझी आहे.

डबी कॉम्प्युटरला सांगत होती की मी कीबोर्ड आहे, आणि दादाने दाबलं की स्पेसची कळ दाबल्यासारखं करत होती. सगळ्यात सोपं म्हणून मी तसं केलं. पण कीबोर्डची कळ जी विंडो समोर असेल तिलाच मिळते. शर्यत समोर असली की शर्यतीला, पाटी आली की पाटीला. दादा बोलत होता प्रोग्रामशी आणि ऐकत होते भलतेच.

आता या मेलला नवीन प्रोग्राम जोडला आहे. सोबतची चिठ्ठी वाचून डबीची बारकी खिट्टी दुसऱ्या बाजूला सरकवा. यापुढे डबी कीबोर्ड असल्याचं सोंग करणार नाही. प्रोग्राम मागे बसून तिच्याकडेच कान लावून राहील. समोर काहीही चालू असो, बटण दाबल्याची खबर त्यालाच मिळेल.

आणखी एक सोय केली आहे. प्रत्येक गोष्ट लिहून दाखवण्यात तो दमून जाईल. म्हणून हो-नाहीचं वेगळं पान आहे. तुम्ही प्रश्न विचारायचा. त्याने एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. कॉम्प्युटर उत्तर मोठ्याने बोलेल.

मेमध्ये मला सुट्टी आहे. तिकडे यावं असं मनात आहे. प्रोग्रामचं न काढता त्याला विचारून बघाल का?


९ एप्रिल

भावोजी,

नवीन प्रोग्राम छान चाललाय. हो-नाहीचं पान तर घरभर गाजलं. शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, ‘मी ओळखू येते का?’ उत्तर आलं, ‘हो’. त्यांनी पुढे विचारलं, ‘मी बारीक झाले का?’ ‘नाही.’ मला हसू आवरेना. शिट्टीसर परत आले असंच वाटलं.

परवाच बाईंनी बटण बदलून दिलं. जुनं जरा कडक होतं, अंगठा दमायचा. हे अगदी मऊ आहे, नुसता हात ठेवला तरी लागतं.

तुमच्या येण्याचं म्हणाल तर घाई करू नका. उन्हाळ्यात ही खोली तापते, तिघं मावत नाहीत. शिवाय हल्ली हे लवकर दमतात. पावसाळ्यानंतर बघू.

तब्येत सांभाळा. जेवणाचे हाल करू नका.


१२ एप्रिल

वहिनी,

त्याच खोलीत आपण आठजण झोपलोय, तेही उन्हाळ्यात.

समजलं. तुम्ही विचारलंत आणि त्याने नाही म्हटलं. ते मला सांगणं तुम्हाला जड गेलं असेल. मनाला लावून घेऊ नका, मीही घेत नाही. प्रोग्रामला काही झालं तर कळवा.


२७ मे

भावोजी,

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून नव्हे, सगळंच लिहिण्यासारखं होतं म्हणून.

यांनी मनाने हात टेकलेत. एप्रिलमध्ये तुम्हाला लिहिलं तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला ‘नाही’. बाई विचारतात, ‘व्यायाम करू या?’ नाही. ‘खुर्चीत बसवू?’ नाही. मी विचारते, ‘खिडकी उघडू?’ नाही. ‘शर्यत लावू?’ नाही. शर्यतीलाही नाही! परवा गंमत म्हणून केस नीट विंचरून समोर उभी राहिले, म्हटलं, ‘बरी दिसते का?’ नाही. मी हसण्यावारी नेलं, पण स्वयंपाकघरात जाऊन केस पुन्हा बांधून टाकले.

लिहिणंही बिघडलं. ओळ निवडतात आणि लगेच त्यातलं पहिलंच अक्षर. ककक, तपक, असलं काहीतरी येतं. मग डोळ्यांतून पाणी येतं, अंगठा थरथरतो. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात मन खचतं, कधी कधी बुद्धीवरही परिणाम होतो. आम्ही लिहिण्याचं पान बंदच केलं. उगाच त्रास कशाला द्यायचा.

आता खरं कारण. यांना गिळता येत नाही, अन्नपाणी छातीत उतरतं. दोनदा ताप येऊन गेला. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पोटावर छोटं ऑपरेशन करून तिथे कायमची नळी बसवायची, म्हणजे अन्न थेट पोटात जाईल. डॉक्टरांनी स्वतः पलंगापाशी बसून यांना सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, ‘करायचं ना?’ नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. नाही. नळी नाही बसवली तर काय होईल तेही त्यांनी न लपवता सांगितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. नाही.

डॉक्टर भले आहेत. म्हणाले, ‘जबरदस्ती करता येत नाही. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे असं मानलं तर त्यांचा नकार मानायला हवा.’ परवा ते कागद घेऊन येतील. त्यावर माझी सही लागेल, की यांची इच्छा मला मान्य आहे.

मी संसारात यांच्या शब्दाबाहेर फारशी गेले नाही. हा शब्दही पाळायचा का, भावोजी? तुमचे भाऊ आहेत, म्हणून विचारते.


२८ मे

वहिनी,

आताच फोन केला होता, पण तुम्ही त्याच्या शेजारीच होतात, म्हणून नीट बोललो नाही. लिहितो ते पूर्ण वाचा.

सही करू नका. तो नाही म्हणाला की नाही, हेच मला अजून पटलेलं नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. काकूंना त्याने ‘हो’ म्हटलं होतं, ‘नाही’ही म्हटलं होतं. म्हणजे तेव्हा सगळं ठीक होतं. त्यानंतर बटण बदललं आणि त्यानंतर एकही ‘हो’ आलेलं नाही. माणूस खचतो, मान्य. पण खचलेला माणूसही चुकून एखाद्या गोष्टीला हो म्हणतोच. आणि लिहिताना ओळ निवडली की लगेच पहिलं अक्षर येतं, म्हणजे एका दाबाला प्रोग्राम दोन दाब मोजतो आहे, असा मला संशय आहे.

कोणतंही बटण दाबलं की आतल्या तारा टेकताना किंचित थरथरतात. कॉम्प्युटर इतका चपळ, की त्याला ती थरथरसुद्धा वेगवेगळे दाब वाटते. हे मला माहीत होतं, म्हणून बटणाची थरथर मी गाळली होती. दादाच्या अंगठ्याची थरथर गाळली नव्हती. ती त्याहून खूप सावकाश असते. जुनं कडक बटण तिला दाद देत नसावं. मऊ बटणाला तेवढीही पुरत असेल. मी इथे माझ्याच अंगठ्याने तपासलं होतं.

पण हा माझा अंदाज आहे. खात्री तुम्हीच करू शकता. आधी त्याला असे प्रश्न विचारा ज्यांची उत्तरं तुम्हाला ठाऊक आहेत. मग बटण बाजूला काढा, त्याच्या अंगठ्याखाली तुमचा तळहात ठेवा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा.


२९ मे

भावोजी,

घाईत लिहितेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

सकाळी बाई यायच्या आधी मी कॉम्प्युटर सुरू केला. म्हटलं, ‘अहो, आज मी वेड्यासारखं काही विचारणार आहे. रागावू नका, नुसती उत्तरं द्या. तुमचं लग्न झालंय?’

नाही.

‘मी तुमची बायको आहे?’

नाही.

‘पाणी ओलं असतं का?’

नाही.

यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे विचारवेना. मी बटण काढून ठेवलं आणि तळहात यांच्या अंगठ्याखाली सरकवला. म्हटलं, ‘आता माझ्या हातावर दाबा. पाणी ओलं असतं?’

अंगठा आला, भावोजी. एकदाच. नीट, जोर लावून. आणि मग उचलताना त्याला कापरं भरलं. माझ्या तळहातावर ते बारीक बारीक टोचत राहिलं, पण दाब एकच होता. आंधळ्यालाही कळला असता. ‘तुमचं लग्न झालंय?’ एकदा. ‘कोणाशी, त्या काकूंशी?’ दोनदा. आणि दोनदा म्हणजे कसं, मध्ये अंगठा पूर्ण उचलून, ठासून दोनदा.

मी म्हटलं, ‘म्हणजे इतके दिवस तुम्ही हो म्हणत होतात?’

एकदा.

‘सगळ्याला?’

थोडं थांबून दोनदा. मग म्हटलं, ‘बऱ्याच गोष्टींना?’ एकदा.

‘आणि मी खिडक्या लावत सुटले!’

उठून आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. ते मशीन आल्यापासून आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत होतो, अंगठ्याकडे कोणी बघितलंच नाही. डोळ्यांतलं पाणीसुद्धा आम्ही आजाराच्या खात्यावर टाकलं. डॉक्टर, बाई आणि मी, सगळ्यांनी मिळून या माणसाला त्याच्याच पलंगावर मुका केला.

मग नळीचं विचारलं. सगळं परत सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. म्हटलं, ‘बसवायची?’

एकदा. आणि दाबून धरला, सोडेचनात.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तळहातावरच्या दाबाला मी नाही म्हणत नाही, पण मला माझ्या कानांनी हो ऐकायचंय. आजच्याऐवजी सोमवारी येतो. तोवर प्रोग्राम नीट होईल का?


३० मे

वहिनी,

झाला. जोडला आहे.

दोन बदल केले. एक, तारा एकदा टेकल्या की प्रोग्राम पुढचं काहीही मोजणार नाही, जोवर अंगठा पूर्ण उचलला जाऊन थोडा वेळ वर राहत नाही. किती वेळ ते तुम्हाला कमीजास्त करता येईल. दादाच्या अंगठ्याशी जुळवून घ्या, माझ्या नको. दोन, एकदा-दोनदाचा भरवसा मी सोडून दिला. आता कॉम्प्युटर आधी ‘हो’ म्हणेल, मग ‘नाही’ म्हणेल. जे पटेल ते ऐकू आलं की दाबायचं. मग कॉम्प्युटर पुन्हा विचारेल, ‘तुम्ही हो म्हणालात, बरोबर?’ तिथे दाबलं तरच उत्तर पक्कं.

जमलं तर जुनं कडक बटण एकदा, मऊ बटण एकदा, दोन्हींनी डॉक्टरांसमोर करून दाखवा. मी इथेही थरथरणारा अंगठा कसा आणायचा ते शोधलं. कपडे धुण्याच्या मशीनवर हात ठेवून बटण दाबत बसलो होतो. शेजारी विचारत होते, काय चाललंय.


८ जून

भावोजी,

ऑपरेशन झालं. परवा घरी आणलं. ताप नाही.

डॉक्टरांनी त्या सोमवारी दोन्ही बटणांनी विचारलं. दोन्हींनी हो. मग ते यांना म्हणाले, ‘मी तुमचं ऐकत होतो असं मला वाटत होतं. माफ करा.’ कॉम्प्युटर बोलला, ‘हो.’ आता ते माफीला हो होतं, की तुमचं चुकलंच याला हो होतं, हे आम्ही कोणी विचारलं नाही. डॉक्टर हसले, पण कान लाल झाले होते.

आता तुमच्याशी खरं बोलायची पाळी माझी. एप्रिलमध्ये मी विचारलं होतं, ‘भावोजींना बोलवू का?’ उत्तर नाही आलं होतं आणि मी तुम्हाला उन्हाळ्याचं निमित्त सांगितलं. ते विचारलं तेव्हा बटण नवीनच होतं. म्हणजे तेही चुकलेलंच असणार! मी मनाशी तुमचं तिकीटसुद्धा काढून टाकलं. काल संध्याकाळी उशा लावून यांना नीट वर केलं आणि विचारलं.

नाही.

कॉम्प्युटरने विचारलं, ‘तुम्ही नाही म्हणालात, बरोबर?’ यांनी दाबलं. मी कडक बटण लावून विचारलं. नाही. तळहात ठेवून विचारलं, तर दोनदा, ठासून. मला इतका संताप आला की मी म्हटलं, ‘ज्याने तुम्हाला तोंड दिलं त्यालाच तोंड दाखवायचं नाही, वा!’ बोलून गेले आणि मग लक्षात आलं की प्रोग्रामचं गुपित फुटलं. यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण हलतं तरी काय म्हणा.

या वेळी लपवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून जसं झालं तसं लिहिलं. मला तुमच्यापुढे लाज वाटते.


१० जून

वहिनी,

लाज कसली. नाही तर नाही. निदान ते त्याचं आहे. मधले दोन महिने त्याच्या तोंडी माझा प्रोग्राम बोलत होता, त्यापेक्षा हे बरं.

लिहिण्याचं पान पुन्हा सुरू करा. आता अक्षरं नीट येतील. सुरुवातीला सावकाश ठेवलं आहे.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आज कामावरून येताना वाटेत हसूही आलं. नळीला हो म्हणून, मला नाही म्हणाला. म्हणजे दादा जागेवर आहे.


२ जुलै

हे मी लिहितो आहे. तुझ्या वहिनीने फक्त पूर्णविराम घातले. बाकी अक्षर न् अक्षर माझं. किती दिवस लागले ते ती सांगेल, मी सांगणार नाही.

प्रोग्राम तुझा हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. दवाखाना इतक्या लवकर काही पाठवत नाही. आणि हिला खोटं बोलता येत नाही.

हो म्हटलं की नाही ऐकू यायचं, तेव्हा तुझा फार राग आला. वाटलं, पुन्हा अर्ध्यात सोडलं. मग तू दुरून ओळखलंस. तो राग गेला. जुना आहे.

ये म्हटलं नाही, त्याचं कारण ऐक. तू आत्ता आलास तर तू बोलशील आणि मी ऐकत पडून राहीन. मी एक वाक्य जुळवेपर्यंत तू रडशील. ही चहा आणेल. सगळं गोड होऊन विषय मिटेल. मला तो तसा मिटवायचा नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. समोरासमोर. त्यासाठी वेग हवा.

म्हणून काम सांगतो. ओळी फार हळू उजळतात. वेग वाढवायची सोय माझ्या अंगठ्याखाली दे, हिच्या हातात नको. ही मला जपते. खुर्चीत बसतो तेव्हा अंगठा कमी कापतो, तेही धर.

पोहणं का सोडलंस ते पत्रात लिही. खरं लिही. मी वाचून मुद्दे काढून ठेवतो. तेवढा वेळ माझ्याकडे आहे.

आणि नेहमीचे शब्द एका दाबात येतील असं कर. पाणी. उशी. डास. खिडकी उघड. गाढवा. हा शेवटचा सगळ्यात वर ठेव. तू आलास की लागेल.

दादा